चिकाचा डबा

अक्कांचा डबा बरेच महिने आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होता. स्टीलचा, कडीचा, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचं गाव निलंग्याच्या पुढे, जवळजवळ कर्नाटकाला टेकलेलं. गोठ्यात देवणी गाय. ती व्याली की चीक भरून हा डबा आमच्याकडे लातूरला यायचा.

तो यायचा एसटीनं. निलंग्याकडून सकाळी येणाऱ्या गाड्यांत क्लाससाठी लातूरला राहणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे असतात; गावाकडून आई भाकरी बांधून देते आणि मुलं स्टँडवर उभी राहून आपापला डबा ओळखून घेतात. त्या गर्दीत हेही उभे राहायचे. कॉलेजात शिकवणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, मुलांच्या रांगेत. एखादा त्यांचाच विद्यार्थी विचारायचा, "सर, तुमचा पण डबा येतो?" हे म्हणायचे, "मग? मला काय बहीण नाही?"

अक्कांचे चिकाबाबतचे नियम ठरलेले. आधी वासरू पोटभर पिणार. मग उरलेला चीक शेजारीपाजारी आणि भावाकडे. चीक विकायचा नाही, कुणी कितीही मागितलं तरी नाही. आणि चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नाही; रिकामं आलं तर गाय आटते म्हणतात. आम्ही डब्यात तूरडाळ भरून पाठवायचो, वर कागदाच्या पुडीत थोडी साखर. ती पुडी हे स्वतः बांधायचे. माझ्या पुड्या त्यांना पसंत नव्हत्या. "आयुष्यभर लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घातलीस आणि एक पुडी बांधता येत नाही," असं म्हणायचे.

मग ह्यांचं दुखणं आलं. औषधं सुरू झाली आणि अन्नावरची वासना उडाली. भात समोर आला की मान फिरवायचे. मुलगी नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते. दर रविवारी ती काहीतरी नवीन घेऊन यायची. एका रविवारी तिनं प्लास्टिकची पांढरी बरणी आणली. कोलोस्ट्रम पावडर. तिच्या सहकाऱ्यांपैकी कुणी कुणी घेतात, व्यायाम करणारी मुलं घेतात, प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात.

ह्यांनी चष्मा लावून बरणी फिरवून पाहिली. "अगं, हा चीकच की!"

"हो बाबा. गाईचाच. वाळवलेला."

"म्हणजे विकतचा चीक. तुझ्या आत्याला कळलं ना, तर भाऊ म्हणून माझं नाव काढून टाकेल."

मी सवयीप्रमाणे वाचायला बसले. जिथं जे मिळालं ते वाचलं आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तरुण होते, घाई न करता बोलायचे. त्यांनी समजावलं ते साधं होतं. नुकत्या जन्मलेल्या वासराच्या अंगात रोगाशी लढायची स्वतःची ताकद नसते, ती त्याला आईच्या चिकातून मिळते, तीही पहिल्या काही तासांत, कारण तेव्हाच त्याचं आतडं ती जशीच्या तशी आत घेऊ शकतं. मोठ्या माणसाच्या पोटात त्यातलं बरंचसं इतर प्रथिनांसारखं पचून जातं. काही बाबतींत थोडा उपयोग होतो असं दिसलंय, पण ठामपणे सांगावं एवढा पुरावा अजून नाही. "सरांना दूध चालतं ना? मग घेऊ द्या थोडी. पण हे औषध नाही, आणि ह्याच्या भरवशावर माझी औषधं सोडायची नाहीत. गावाकडून चीक येत असेल तर कच्चा मुळीच नको, पूर्ण वाफवलेला द्या."

हे लगेच म्हणाले, "डॉक्टर, कच्चा चीक कोण खातं? आम्ही काय वासरं आहोत?"

डॉक्टर हसले. पण घरी आल्यापासून ह्यांच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. चीक आहे म्हणजे त्याचा खरवस झाला पाहिजे. मी म्हटलं, अहो, ती पावडर आहे, दुधात ढवळून प्यायची. हे ऐकेनात. कितीतरी दिवसांनी त्यांना काही खावंसं वाटत होतं, म्हणून मीही वाद घातला नाही. बरणीतले चार-पाच चमचे दुधात कालवले, गूळ किसून घातला, वेलदोडा, किंचित जायफळ. अक्का करतात तसं आधी वाटीत थोडं वाफवून पाहिलं. ते घट्ट झालं नाही, नुसतं हललं. आणखी पावडर घातली. पुन्हा वाटी. पुन्हा हललं. शेवटी सगळं कुकरच्या डब्यात ओतून वाफवायला ठेवलं, शिट्टी न लावता. हे खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

झाकण काढलं. मी सुरीनं रेघ मारली आणि ती रेघ मिटून गेली.

"नापास," हे म्हणाले.

"थोडं गार होऊ द्या की."

"गार होऊ दे, नाहीतर पुरवणी परीक्षा घे. वडी काही पडत नाही." आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी प्याले, पुन्हा हसले. मीही हसले. कितीतरी दिवसांत आमच्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. मग त्यांनी चमचा मागितला आणि ते पातळ, गोड, पिवळसर प्रकरण वाटीभर खाल्लं. "वडी पडली नाही म्हणून काय फेकायचं?"

त्यानंतर ते रोज सकाळी दुधातून एक चमचा पावडर घ्यायचे. तिनं काय केलं, मला सांगता येणार नाही. दुखणं तिच्यानं हटलं नाही, हे खरं. पण त्या निमित्तानं एक कप दूध पोटात जायचं आणि घेताना ते दर वेळी वासरासारखं डोकं हलवून मला हसवायचे.

त्याच हंगामात अक्कांची गाय व्याली. डबा आला तेव्हा ह्यांना स्टँडवर जाता आलं नाही, मी गेले. मुलांच्या गर्दीत उभी राहिले आणि पोच्यावरून डबा ओळखला. खरवस झाला तो असा, की वडी ताटलीत ठेवली तरी तिच्या कडा उभ्या. ह्यांनी दोन लहान वड्या खाल्ल्या. "पास," एवढंच म्हणाले. डबा भरून परत पाठवायचा होता, पण पुडी बांधायला ह्यांना बरं वाटेपर्यंत थांबू असं मी म्हणत राहिले. ते व्हायचं नव्हतं. हे गेले आणि डबा फळीवर राहिला.

बरणीतली उरलेली पावडर मुलीनं मला संपवायला लावली. मला तेव्हा जेवण जात नव्हतं. मी तीच पावडर, त्याच कपातून, दुधात घालून घेत राहिले. थोडं बळ आलं. ते पावडरीचं की दुधाचं, की मुलगी रोज फोनवर "घेतलंस का?" विचारायची त्याचं, कोण जाणे. बरणी आता वेलदोडे ठेवायला वापरते.

यंदा गाय पुन्हा गाभण आहे हे अक्कांनीच मागे बोलता बोलता सांगितलं होतं. दिवस भरत आले तशी मी वाट बघू लागले. फोन आला नाही. मग गावाकडून लातूरला आलेल्या एका नातलगाकडून कळलं, गाय व्याली, कालवड झाली. तरीही डबा नाही, निरोप नाही. मला चिकाचं एवढं काही नव्हतं. पण तो भावाकडे यायचा. भाऊच नाही, तर हे घर अक्कांच्या हिशेबी अजून भावाचं घर आहे की नाही, हे मला त्या न आलेल्या चिकातून वाचावं लागत होतं. विचारायचं कसं? आयुष्यभर त्यांच्याशी बोलण्याचं काम ह्यांनीच केलं होतं.

शेवटी मी डबा खाली काढला. तूरडाळ भरली. पुडी बांधली, सुटली, पुन्हा बांधली. तिला दोरा गुंडाळला आणि सकाळीच स्टँडवर जाऊन निलंग्याच्या गाडीत कंडक्टरजवळ दिला. गावाकडे जाणारा तो एकच भरलेला डबा होता. बाकीचे सगळे रिकामे.

दुपारी फोन वाजला.

"डबा पोचला," अक्का म्हणाल्या. "ही पुडी कुणी बांधली गं? दोरा सोडता सोडता नख तुटलं माझं."

"मीच बांधली, अक्का."

"तरीच." मग त्यांनी थेट विचारलं. "माझा डबा माघारी कशापायी धाडलास? संबंध संपला म्हनून का?"

"नाही हो अक्का! यंदा चीक आला नाही, म्हणून मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"आता तुम्ही पाठवणार नाही, असं वाटलं."

"अगं, वरीस व्हायचं हाय अजून! दुःखाच्या घरी गोड कसं धाडू? तू म्हनशील, भाऊ गेला अन् हिला खरवस सुचतोय. मी हिथं डबा कवा मागू म्हनून बसले, अन् तू तिथं चीक कवा येतो म्हनून." त्यांनी नाक ओढलं. "एवढी पुस्तकं वाचलीस, तोंडानं मागता येत न्हाई का तुला?"

"मागते. द्या."

"आता काय देऊ? घट्ट चीक सगळा वाटून टाकला. आता निघतंय ते लई पातळ हाय. वडी पडायची न्हाई त्याची."

"नाही पडली तर नाही पडली," मी म्हटलं. "तुमच्या भावानं न पडलेली पण वाटीभर खाल्ली होती."

"कवा?"

मग मी त्यांना ती विकतच्या चिकाची गोष्ट सांगितली, कुकरची, पुरवणी परीक्षेची. विकतचा म्हटल्यावर त्या आधी रागावल्या, "चीक विकत! काय मानसं हायेत!" आणि मग हसायला लागल्या. हसणं भावासारखंच, शेवटी खोकल्यात जाणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर मुलांच्या गर्दीत उभी होते. एका मुलीनं विचारलं, "काकू, तुमचा पण डबा येतो?"

"येतो," मी म्हटलं. "नणंद पाठवते."

घरी येऊन बरणीतले वेलदोडे काढले, गूळ किसला, चीक वाफवला. रेघ मारली, ती मिटली. मी चमचा घेतला.