कापसाच्या खोलीतली कॅसेट

माझी पहिली कॅसेट मी दुसऱ्याच बाईच्या आवाजात गायले. एवढा गाढवपणा अख्ख्या शिरूर तालुक्यात मीच केला असेन.

परवा नातीनं स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायला खोलीभर गोधड्या टांगल्या. जुन्या कापसाचा उबट वास आला आणि मी थेट आमच्या कापसाच्या खोलीत जाऊन बसले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तेव्हा मी ती निवडली होती. गुडघाभर कापूस, झरोक्यातून उतरलेलं दुपारचं ऊन, त्यात तरंगणारे पांढरे तंतू आणि मधोमध उशीवर ठेवलेला टेपरेकॉर्डर. गाणी माझीच, शेतात खुरपताना जुळवलेली. पण कॅसेट काढायची म्हणजे रेडिओवरच्या बाईसारखं गायला हवं ना! म्हणून 'लई'चं 'फार' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं आणि आवाज नाकाच्या शेंड्यावर नेऊन ठेवला. कापसानं शिंका यायच्या, त्यासुद्धा मी अदबीनं दिल्या.

मग नारायणगडाच्या जत्रेत कॅसेट लावून बसले. मैत्रीण कोंडाबाई दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती. तिकडं पाचटाच्या कोपीत, त्या खोपटात, माझा आवाज सोबतीला हवा, म्हणून ती कॅसेट न्यायला खास आली होती. खुरपताना माझी ओळ उचलायची ती हीच. आता मात्र ती एकही ओळ न उचलता डोळे मिटून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर मी मिरवत विचारलं, "कसं वाटलं?"

ती म्हणाली, "गाणं गोड हाय गं. पर तू कवा गाणार?"