नागावर बसलेला देव आणि माझे जर्मन डॉक्टर

सज्जनहो, सावधान! डोंबिवलीच्या आणि एलामच्या इतिहासातली एक अत्यंत गंभीर बाब मी आज उघड करतो आहे. ही मी कुणालाच सांगितलेली नाही—बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेली भजीसुद्धा लपवता येत नाहीत.

एलाम म्हणजे इराणच्या नैर्ऋत्येचं, हजारो वर्षांपूर्वीचं राज्य. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मला त्याचं वेड का लागलं? देव जाणे. एका फ्रेंच ग्रंथातली चित्रं मी पाहिली होती. फक्त चित्रं—फ्रेंच कुठे येत होतं मला? एका चित्रात नागाच्या वेटोळ्यावर बसलेला देव. झालं! आमच्या व्याख्यानमालेत मी ठोकून दिलं, की हा आपलाच शेषशायी विष्णू, तिकडे जाऊन उठून बसलेला. मंडप टाळ्यांनी दणाणला.

तेवढ्यात ठाण्याच्या कोपरीहून आलेले आगाशे मास्तर उठले. निवृत्तीनंतर शब्दकोश घेऊन फ्रेंच शिकलेल्या या माणसाने तो ग्रंथ चक्क वाचला होता.

"हा तर त्यांचा स्वतःचा देव. आपला म्हणायला आधार काय?"

आधार! माझ्या तोंडात एक नाव आलं. "जर्मनीचे डॉक्टर हाफनब्रुख!" असा कुणी नव्हताच. मास्तर ओशाळले. "क्षमा करा, माझ्या वाचनात नाहीत ते," म्हणून खाली बसले.

मग ते रविवारी घरी येऊ लागले. एलामच्या देवांवरचं त्यांचं पुस्तक लिहून तयार होतं. पण हाफनब्रुख पाहिल्याशिवाय छापायचं कसं? मी कधी म्हणे, ग्रंथ दुर्मिळ आहे. कधी म्हणे, लढाईत जळाला. मजा वाटायची? वाटायची. आणि लाज? तीही—पण त्यातलं आधी काय वाटायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

एका रविवारी मास्तर धापा टाकत जिना चढून आले. "सापडले!" कुठल्याशा मासिकातल्या लेखात हाफनब्रुखांचा हवाला होता. लेखकाने तो माझ्याच व्याख्यानाच्या बातमीतून उचललेला, दुसरं काय? तरी क्षणभर मलाच वाटलं—असेलही बुवा असा कुणी!

"म्हणजे चूक माझीच," मास्तर म्हणाले. "नागावरच्या देवाचं प्रकरण काढून टाकतो."

ते प्रकरण मी वाचलं होतं. पुस्तकातलं सगळ्यांत सुंदर. आणि खरं.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आत्ता! मी तोंड उघडलं—आणि त्यातून बाहेर पडलं ते हे:

"मग! मी सांगत नव्हतो का, मास्तर?"