फळ्यावर न लिहिलेला आकडा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तर मधी थांबवू नका — एकदा थांबलो की परत बोलायचा न्हाय मी.

दुष्काळाची सालं होती. भूमकडच्या आमच्या गावात सोसायटीची दूध डेअरी होती. तिथं मी दुधाचं फॅट काढायचो आणि फळ्यावर खडूनं लिहायचो. पण जनावरं छावणीवर गेलेली, दूध येणार कुठून? फळा कोराच. सोसायटीनं हौसेनं टीव्ही घेतला होता, त्यात नुसत्या मुंग्या दिसायच्या. मग आमच्या टँकरच्या ड्रायव्हरनं सोलापुरातून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. बटण फिरवलं की खालची पट्टी सरकायची, तिनं चेंडू टोलवून वरची भिंत फोडायची. एक वीट, एक गुण. भिंत संपली की नवी भिंत.

येड लागलं हो सगळ्यांना! दुधाच्या जागी मी फळ्यावर नावं आणि गुण लिहू लागलो. भूमची पोरं एसटीनं यायला लागली, मग परंड्याचीही. "उद्या जिल्ह्याची स्पर्धा भरवू," असं मी सांगत सुटलो. लई मोठा झाल्यासारखं वाटायचं. फळ्यावर पहिलं नाव माझंच होतं ना — दोनशे नऊ.

पण खरं सांगू? लोक माझ्यासाठी येत नव्हते. कोंडाबाईचा खेळ बघायला येत होते.

कोंडाबाई डेअरीत कॅन धुवायची. चाळिशीची असंल. कॅनच नाहीत तर धुणार काय? एकदा गंमत म्हणून बटण तिच्या हातात दिलं, आणि आम्ही सगळे गार! लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. पण खेळताना तोंडातल्या तोंडात विटा मोजायची, कॅन मोजायची तशाच, विसाच्या हिशोबानं. एक ईस, दोन ईस... आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

परंड्याशी सामना ठरला. फळ्यावर ज्याचं नाव पहिलं, तो गावातर्फे जाणार. कोंडाबाईची थोरली बहीण परंड्याला दिलेली. "सायेब, म्या पयली आले तर न्याल न्हवं? अक्काला दावायचंय, मलाबी कायतरी येतंय म्हणून." तीनदा विचारलं तिनं. तीनदा मी हो म्हणालो.

शेवटचा दिवस. दुपारची वेळ, खोली गच्च भरलेली. वीज तेव्हा कधीही जायची, आणि वीज गेली की पडद्यावरचा आकडाही जायचा. म्हणून आमचा नियम असा, की लिहिणाऱ्यानं पडद्याला चिकटून बसायचं आणि तो सांगंल तो आकडा खरा. बाकी सगळ्यांचे डोळे चेंडूवर. लिहिणारा कोण? मीच. कोंडाबाई खेळत होती. तिनं माझा आकडा मागं टाकलेला मी पाहिला. तेवढ्यात — वीज गेली.

"किती झालं?" सगळे एकदम ओरडले.

मी म्हणालो, एकशे नव्वद.

नकळत तोंडातून गेलं, असं तुम्हाला सांगता येईल. पण ते दुसरं खोटं. आकडा मी निवडला होता — फार जवळचा नको, फार लांबचाही नको.

कोंडाबाईनं बटण खाली ठेवलं. "धा इसा आन्..." एवढंच बोलली, आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी लिवणारं. तुमालाच दिसलं असंल."

भांडली का नाही ती? चारचौघांत माझी अब्रू का काढली नाही? पदर खोचला आणि हौदाकडं गेली, कोरडे कॅन घासायला.

परंड्याला मी गेलो. पोरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "ती बाई कुठाय?" स्टँडवर एक बाईमाणूस उभं होतं, तोंडावळा तोच. "आमची कोंडी न्हाय आली व्हय?" मी नुसती मान हलवली. त्या दिवशी मी हरलो, पण त्याचं काही वाटलंही नाही.

कोंडाबाईनं परत बटणाला हात लावला नाही. मग भूमची पोरं यायची थांबली, परंड्याची थांबली. दुपारी मी एकटाच भिंत फोडत बसायचो. फोडली की नवी. आकडा लिहायला उठायचो, आणि मागं वळून बघावं तर रिकामी बाकं. पुढं पाऊस झाला, दूध आलं, फळ्यावर परत फॅट लिहायला लागलो. बारा वर्षं रोज सकाळी ती माझ्यासमोर कॅन धूत होती. रोज "कॅन झालं का?" विचारायचो. दुसरं काही बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. तेवढं निघालं नाही, आणि मग ती वारली.

तिच्या मातीला गेलो होतो मी. सगळ्यांच्या मागं उभा होतो.

दोनशे सोळा झाले होते तिचे. धा इसा आन् सोळा. बरोबर मोजलं होतं तिनं.