खांदा की कान

व्हर्लाच्या उजव्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती आणि तरी तो रात्रंदिवस ठणकायचा. अमेरिकेतल्या सॅमन गावच्या शाळेची बस तिने उभा जन्म चालवली, घाटातल्या वळणांवर ते अवजड चाक फिरवून फिरवून खांद्याची पार वाट लागली. उरलासुरला जीव एल्कच्या शिकारीतल्या बंदुकीने काढला. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याला पाडायला बंदूकही तशीच दांडगी लागते, आणि ती मागे जो दणका देते तो खांद्यानेच सोसायचा. मागच्या मोसमात एकच गोळी झाडली, तर बाईला कितीतरी दिवस केस विंचरता आले नाहीत. सोडून द्यावं म्हटलं तर हिवाळाभराचं मांस गेलं. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण नवऱ्याबरोबर, लायलबरोबर, डोंगरात बसणं जाणार होतं, आणि ते काही तिला सोसणार नव्हतं.

म्हणून ती क्लेटनकडे गेली. गावातल्या सगळ्या बंदुका हाच दुरुस्त करतो. त्याने टेबलावर बंदुकीचा दणका कमी करणारे तीन ब्रेक ठेवले, बोटभर लांबीचे, नळीच्या तोंडाला आटे पाडून बसवायचे. गोल भोकांचा घेतला तर पालथं पडून झाडताना धूळ तोंडावर येते, छोटा घेतला तर धक्का फारसा कमी होत नाही, आणि दोन्ही बाजूंना खाचा असलेला घेतला तर खांद्याला कळणारसुद्धा नाही, असं त्याने कंटाळलेल्या आवाजात सांगितलं. मग बाईकडे बघून म्हणाला,

"फक्त सगळा आवाज बाजूला फेकतो हा. तुझ्या शेजारी कोण बसतं?"

शेजारी लायल बसतो हे त्याला ठाऊक होतं. लायलचा डावा कान लाकडाच्या गिरणीने केव्हाच खाल्ला होता. उरला उजवा, आणि तो नेमका बंदुकीच्या बाजूला. कानात बोळे घालायचे ते निशाणाच्या मैदानावर. शिकारीत इथे कुणी घालत नाही, एल्कच्या नराची साद ऐकायची कशी मग? आणि दोघांत साद ऐकणारा होता लायलच. त्याने बोट वर केलं की दोघांनी थांबायचं, ही जुनी रीत. आवाज दाबणारी नळी लावावी तर तिची परवानगी येईपर्यंत मोसम संपणार. व्हर्ला बंदूक तशीच परत घेऊन आली.

लायल स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. ती समोर बसली आणि म्हणाली, यंदा तू एकटाच जा, मला नाही जमायचं. का, कशाला, असं करत त्याने सगळं काढून घेतलं.

"मग बसव की तो खाचांचा," तो म्हणाला.

"आणि तुझा कान?"

लायलने सुरी खाली ठेवली. "कुठला कान, व्हर्ला? दोन मोसम झाले, मला साद ऐकूच येत नाही."

"बोट तर वर करतोस."

"तू श्वास धरतेस ना, तेव्हा करतो. मग तुझे डोळे जातात तिकडे बोट दाखवतो."

तिला आधी वाटलं, चला, खांदा सुटला एकदाचा. खरंच, तेच आधी वाटलं. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिला त्याच्याकडे बघवेना. दोन मोसम हा माणूस शेजारी बसून आपलं तोंड वाचत होता, आणि आपण मात्र खांदा खांदा करत बसलो.

"सांगायचंस ना रे," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर नेलं असतंस?"

ती उठली, त्याच्या पाठीमागे भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि क्लेटनला म्हणाली, उद्या बंदूक आणून देते, पाड आटे, बाजूच्या खाचांचाच बसव. क्लेटनने विचारलं, आणि लायलच्या कानाचं काय?

"गेला तो," व्हर्ला म्हणाली. आवाज दाबला नाही, दाबायची गरजच नव्हती. लायल तिच्याकडे पाठ करून बटाटे सोलत राहिला.