जुना द्या, नवा घ्या

सिन्नरच्या आमच्या कंपनीत लोखंडी कपाटं बनायची आणि कंपनीच्याच दुकानांत विकली जायची. मालक कधी दिसला नाही, पण कामगारांना सामान देणाऱ्या स्टोअरकीपरचा तोरा मालकाचाच. जुना हातमोजा दिल्याशिवाय नवा नाही.

एकदा पत्रा दाबणाऱ्या प्रेसने माझा उजवा हातमोजा ओढून नेला. हात थोडक्यात वाचला. मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो.

"जुना कुठंय?"

"मशिनमध्ये गेला, भाऊसाहेब."

"मग काढून आणा."

"तुम्हीच काढा," मी वैतागून म्हणालो.

आणि हा माणूस खरंच निघाला. प्रेस बंद करून त्याने तेलकट चिंध्या वेचल्या, टेबलावर जुळवल्या, बोटं मोजली. पाच भरली. मग माझा हात ओढून त्याचीही बोटं मोजली, दोनदा. आणि नवा हातमोजा दिला. फक्त उजवा.