तीनशे चौकटी

मंगळवारी दुपारी दादा गेला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवून गेल्यावर वहिनीनं मला एक पुस्तक दिलं. भाऊजी, हे तुमचं आहे, तुम्हीच ठेवा, म्हणाली. पुस्तक मी लिहिलेलं होतं. मी ते पिशवीत टाकलं आणि दादाच्या गावाहून, गोरेगावहून, संध्याकाळच्या एस.टी.नं गोंदियाला परत आलो.

आता जे लिहितो आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी एकटा राहतो. आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं दिली, पुस्तकं घेतली, कमी बोललो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सरळ समजतात. मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच समजत होतो.

दादाबद्दल आधी सांगतो. नाही, हेही टाळणंच आहे. पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दादा बिडी कारखान्यात होता. सायकलवर तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन गावोगाव जायचा, बायकांनी घरी वळलेल्या बिड्या मोजून आणायचा. आमची आईसुद्धा बिड्या वळायची. त्या पैशांवर मी बी.ए. झालो. दादा नववीतच थांबला. तर त्या फिरण्यात त्याला एक नाद लागला. बिडीच्या बंडलांवर पूर्वी रंगीत लेबलं असत — हरीण, कोंबडा, विमान, घड्याळ. बिड्या वळणाऱ्या बायका ती लेबलं जपून ठेवत. घरात दुसरी चित्रं होती कुठे? पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून लावत, सुपाच्या पाठीवर लावत. लावायला पिठाची खळ. दादा चहा घेता घेता विचारायचा, बाई, हे देता का मला? मिळालं तर ओलं फडकं वर ठेवायचा. खळ पाण्यानं सुटते. लेबल अलगद निघायचं.

आणि मग तो त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहायचा. कुणाचं, कुठलं, कशावरून काढलं. ‘सुगंधाबाई, मुंडीपार. पेटीच्या झाकणावरून.’ ‘जनाबाई, चिचगड. सुपावरून. नवरा नको म्हणत होता, हिनं दिलं.’ त्याला पुढच्या चित्रापेक्षा ही पाठ महत्त्वाची वाटे. कुणी वही पाहायला आलं तर तो आधी लेबल उलटं करून दाखवायचा. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

एक लेबल आईचं होतं. सायकलवर बसलेली बाई, लाल रंगात. बिड्या पिणाऱ्या बाप्यांसाठी सायकलवरची बाई कायले, असं आई म्हणायची, आणि तरी ते तिनं पेटीत मधोमध लावलेलं होतं. ती गेल्यावर दादानं ते काढलं. पाठीवर लिहिलं, ‘आई. पेटीच्या झाकणावरून.’ तारीख घातली नाही.

निवृत्त झाल्यावर मी कादंबरी लिहायला घेतली. लेबलं जमवणाऱ्या एका कारकुनाची. दादानं स्वतः येऊन सगळ्या वह्या मला दिल्या. म्हणाला, पाहून लिही, चुकीचं नको लिहू. चाळीस वर्षांचं काम होतं. लेबलं वहीच्या पानांवर चिकटवलेली नव्हती, चार कोपऱ्यांना कागदाच्या खाचांत अडकवलेली होती. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. पाठ वाचता यावी म्हणून.

तीन वर्षांनी कादंबरी झाली. प्रकाशकांकडे पाठवली. दोघांनी परत केली, तिसऱ्यानं उत्तर दिलं नाही. मी स्वतःच छापायचं ठरवलं. इथपर्यंत लाज वाटण्यासारखं काही नाही. पुष्कळ लोक छापतात.

प्रेसवाला हुशार माणूस. वह्या माझ्या हातात पाहून म्हणाला, “सर, फोटो कायको छापते हो? हर किताब पे असली चिपकाओ. लोग देखते रह जाएँगे.” मी घरी येताना रिक्षात तेच ऐकत होतो. प्रत्येक प्रतीवर एक खरं, जुनं लेबल. असं पुस्तक कुणी काढलं होतं? मी लेबलं मोजली. तीनशे होती. मी प्रती तीनशे सांगितल्या. कव्हरावर मधोमध एक रिकामी चौकट छापायला सांगितली.

दादाला विचारलं का? नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे मला माहीत होतं. न विचारण्याचं दुसरं कारण काय असतं?

खळ लावू नका, असंही प्रेसवाल्यानंच सांगितलं. आटे की लेई से दीमक आती है, सर. म्हणून मी पांढरा गोंद आणला — जो वाळला की पाण्याला दाद देत नाही. आणि घराचं दार लावून बसलो. अकरा दिवस लागले. बोटांवरून गोंदाची सालपटं निघायची, जेवताना भातात पडायची, मी ती बाजूला काढून जेवायचो.

आता ते सांगतो. घाईत काही पाहिलं नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण मी पाहिलं. प्रत्येक लेबल उचललं, उलटं केलं, पाठीवरचं नाव वाचलं — वाचनाची सवय आहे मला — आणि त्या नावावर ब्रशनं गोंद फिरवला. शिसपेन्सिल ओल्या गोंदात पसरते, करडी होते. मग चौकटीत दाबलं. सुगंधाबाईला दाबलं. जनाबाईला दाबलं. आईचं आलं तेव्हा थांबलो. तुम्हाला वाटेल ते बाजूला ठेवलं असेल. मी एवढंच ठरवलं की हे सगळ्यांत देखणं आहे, तेव्हा हे प्रमुख पाहुण्यांच्या प्रतीवर.

शेवटी एक चौकट रिकामी राहिली. मोजताना चुकलो असेन, असं वाटलं.

प्रकाशनाला दादाला बोलावलं नाही. काही कार्यक्रम करणार नाही, असं त्याला फोनवर सांगितलं. चाळीस-पन्नास माणसं आली. मी भाषणात म्हणालो की ही लेबलं मी गावोगाव फिरून जमवली. सायकलवर, असंही म्हणालो. मला नीट सायकलही येत नाही. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे एक निवृत्त साहेब होते. त्यांनी पुस्तक हातात घेऊन फोटो काढला, मग ते टेबलावर ठेवून त्याच्यावर आलुबोंड्याची प्लेट ठेवली. कागदी प्लेट. तेल खाली उतरलं. मी शेजारच्या खुर्चीत होतो. सायकलवरच्या बाईच्या तोंडावर डाग पसरत होता आणि मी साहेबांना चटणी हवी का विचारत होतो.

ते जाताना पुस्तक विसरले. ती प्रत मी घरी आणली.

महिन्याभरानं दादानं वह्या मागितल्या. फोनवर होता. मी म्हणालो, दादा, वह्या उधळीनं खाल्ल्या, लेबलांसकट. आमच्याकडे वाळवीला उधळी म्हणतात. ते कुठून आलं तोंडात? प्रेसवाल्याच्या दीमकमधून. खोटंसुद्धा माझं स्वतःचं नव्हतं.

मग म्हणाला, “आईवालं बी?”

हो म्हणालो.

“तुह्या पुस्तकाईले त नाई ना लागली?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो आला. हातात रॉकेलचा डबा, पिशवीत कडुलिंबाचा पाला. तंबाखूच्या धुळीनं त्याची छाती गेलेली होती. जिना चढताना तीनदा थांबला. मी नको नको म्हणत होतो. त्यानं ऐकलं नाही. माझ्या पुस्तकांना उधळी लागू नये म्हणून तो माझी कपाटं रिकामी करू लागला. एकेक पुस्तक उघडून झटकायचा, फळी ठोकून पाहायचा, कपाट भिंतीपासून ओढायचा. दोन खोल्यांचं घर माझं. आतल्या खोलीत पलंगाखाली उरलेल्या सगळ्या प्रती होत्या, वर चादर सोडलेली. आणि मी बाहेर त्याच्यासाठी टॉर्च धरून उभा होतो. तासन् तास. तो खोकायचा, मी टॉर्च सरळ धरायचो.

उधळीच्या मातीचा कण सापडला नाही. कसा सापडणार? दुपारी तो भिंतीला टेकून बसला.

“सापडून नाई राहिली,” म्हणाला. आणि थोड्या वेळानं — “एका जागी राहाते काय ते? गेली असंन.”

जेवला. पाला प्रत्येक फळीवर पसरला. निघताना म्हणाला, आता तुझं पुस्तक तरी दे. मी आत जाऊन रिकाम्या चौकटीची प्रत आणली. त्यानं कव्हरावरून हात फिरवला. अंगठा चौकटीवर थांबला.

“इथं काई लावाचं होतं काय?”

डिझाइन आहे, मी म्हणालो.

“बरं,” म्हणाला.

तो गेल्यावर मी आईचं लेबल काढायचा प्रयत्न केला. गरम पाण्यात कव्हर बुडवलं. लाल रंग सुटला, बाईचे पाय सुटले, कागदाचे पदर बोटांना चिकटले. खाली पांढरा लगदा राहिला. ‘आई’ हा शब्द त्या लगद्यात कुठेतरी होता. मी तो मोरीत धुतला.

दादानं कादंबरी पूर्ण वाचली. पंधरा दिवस लागले त्याला. फोन करून चांगली आहे म्हणाला. एकच शंका होती.

“तुहा माणूस मांगं काईच नाई लिवत. मंग त्याले कसं आठवते, कोणाच्या घरचं होय ते?”

खरंच, माझा नायक पाठीवर काही लिहीत नाही. मी ते लिहिताना गाळलं होतं. कथा रेंगाळते असं वाटलं होतं. दादाला मी सांगितलं की कादंबरीत सगळं घालता येत नाही. त्याला ते पटलं असावं, किंवा त्यानं पटवून घेतलं. त्यानंतर तो चार वर्षं जगला. दर दिवाळीला भेटलो. दुसरं पुस्तक कधी, असं विचारायचा. लेबलांचा विषय त्यानं एकदाही काढला नाही, आणि मी दर वेळी मनात म्हणायचो, सुटलो. सख्ख्या भावासमोर बसून, त्याच्या घरचा अनारसा खाताना, सुटलो असं वाटणारा माणूस कसा असतो? असा असतो. आरशात दाढी करताना तो मला दिसतो, आणि मी मान खाली घालून दाढी करतो.

वहिनीनं दिलेलं पुस्तक मी आठवडाभर पिशवीतून काढलं नाही. काढलं तेव्हा चौकट रिकामी नव्हती. तिच्यात एक लेबल होतं. झाडाखाली उभं हरीण, हिरव्या रंगात, कोपरा जरा दुमडलेला. ते मी ओळखलं. तीनशेंतलं होतं. कडेला पिवळट खळ दिसत होती.

माझ्या घरीच पडलं असणार, त्या अकरा दिवसांत. कपाटामागे. आणि दादानं कपाट ओढलं तेव्हा —

मी टॉर्च धरून उभा होतो. त्यानं वाकून काही उचललं असेल तर मला दिसलं नाही. की दिसायला नको होतं?

ओलं फडकं घडी करून वर ठेवलं, त्याच्यासारखं. दहा मिनिटांत लेबल अलगद सुटलं. पाठीवर जुन्या अक्षरात होतं, ‘कौसाबाई, गोरेगाव. पेटीच्या झाकणावरून.’ त्याच्या खाली, नवीन पेन्सिलीनं — ‘भाऊच्या घरून, गोंदिया. उधळीतून वाचलेलं.’

म्हणजे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. खिशात न खाल्लेलं लेबल, आणि हातात लेबलाएवढी रिकामी चौकट. ठोकून पाहिलेली प्रत्येक फळी, पसरलेला पाला, ‘गेली असंन’, ‘बरं’ — सगळं कळल्यावरचं होतं की काही आधीचं, ते मी आता ठरवू शकत नाही. पुस्तक वाचून त्यानं विचारलेली शंका तरी नक्कीच कळल्यावरची. त्यानं मला चार वर्षं दिली होती बोलायला. मी ती अनारसे खाण्यात घालवली.

यात मला क्षमा दिसत नाही. त्यानं नेहमीसारखं कुणाचं, कुठलं, कशावरून, एवढंच लिहून ठेवलं. माझी नोंद केली.

पुस्तकं फारशी गेली नाहीत. एकशे नव्वद प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. प्रत्येकीवर एक चित्र आहे आणि नाव आतल्या बाजूला आहे. सुटं लेबल एक आहे.