मिरचीवालीचा लष्करी सदरा

कुंभार पिंपळगावच्या बाजारात ती मिरच्या विकायला बसली होती. लुगड्यावर लांब बाह्यांचा पुरुषी सदरा, आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका घालतात तसा. पण तो पाहून मी जागीच थांबलो. जंगलात लढणाऱ्या सैनिकांचे जुने गणवेश मी जमवतो. तोच विटका हिरवा रंग, तेच झाकणाचे खिसे. ती तागडीवर वाकली तेव्हा कॉलरच्या आतला पुसट लष्करी शिक्काही दिसला. सदरा अस्सल होता.

"मावशी, मालकांचा का?" मी उगाच हळवा आवाज काढून विचारलं.

"मालकाचा कशाला? माहा हाय. जुन्या कपड्याच्या ढिगातून म्या निवडल्ता."

मी दोन नवे सदरे देऊ केले. कुणा जवानाची आठवण आहे, कपाटात जपून ठेवीन, म्हणालो.

तिनं कोपरावरचं ठिगळ माझ्या तोंडापुढं धरलं. "जवानानं किती दिस घातला असंल? वीस वर्सं मी ह्याच्यात कापूस येचून राह्यले. बोंडाचे काटे, ऊन, समदं ह्यानं खाल्लं. आन् आठवण त्याचीच व्हय? बिलकुल न्हाई देणार. मिरच्या घ्यायच्या तर बोला."

मी पावशेर मिरच्या घेतल्या.

घरी येऊन कपाट उघडलं. इस्त्री केलेले नऊ सदरे, प्रत्येकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी. कापड कोणतं ते लिहिलं होतं, शिलाई लिहिली होती, शिक्काही टिपला होता. घालणाऱ्याच्या नावाची जागा नऊही चिठ्ठ्यांवर कोरी होती.